हेलिकॉप्टरवाहू जहाज कशाला म्हणायचे?

वर्गीकरण शिकवताना आपण देवमाशाचे उदाहरण हमखास घेतो. तो पाण्यात राहतो, दिसतो माशासारखा, नावातही ‘मासा’ आहे. पण तो मासा नव्हे. मुलांना याची गंमत वाटते आणि तिच्याबरोबर एक महत्त्वाची गोष्ट कळते. एखादी वस्तू कोणत्या गटात बसते हे तिच्या नावावरून किंवा वरवरच्या रूपावरून ठरत नाही, तिची रचना आणि तिचे कार्य पाहून ठरते. या लेखात हीच कसोटी आपण एका लोखंडी ‘जलचरा’ला लावून पाहणार आहोत. त्याचे नाव हेलिकॉप्टरवाहू जहाज.

आम्ही राहतो ते शहागंज समुद्रापासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. येथल्या मुलांनी युद्धनौका पाहिली असेल तर चित्रात, नाहीतर दूरदर्शनवर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातल्या देखाव्यात. तरीही विमानवाहू जहाज म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असते. ‘विक्रांत’ आणि ‘विराट’ ही नावे बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असतात. गोंधळ सुरू होतो तो पुढे. ज्या जहाजावर हेलिकॉप्टर उतरते ते सगळेच हेलिकॉप्टरवाहू का? विमानवाहू जहाजावरही हेलिकॉप्टरे असतात, मग ते कोणते? आणि ज्याच्या सपाट पाठीवर नुसती हेलिकॉप्टरेच उभी आहेत, त्याला त्याच्याच देशाचे सरकार ‘विनाशिका’ म्हणत असेल तर आपण कोणावर विश्वास ठेवायचा?

नुसते हेलिकॉप्टर असून भागत नाही

पहिला प्रश्न आधी घेऊ. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘गोदावरी’ ही फ्रिगेट १९८३ साली नौदलात आली आणि २०१५ साली निवृत्त झाली. पैठणला आपण जिच्या काठावर उभे राहतो त्या नदीचेच हे नाव. फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराची, ताफ्याचे रक्षण करणारी युद्धनौका. गोदावरीचे वजन साधारण पावणेचार हजार टन होते आणि तिच्यावर ‘सी किंग’ जातीची दोन मोठी हेलिकॉप्टरे राहू शकत. एवढ्याशा जहाजावर एवढी मोठी दोन हेलिकॉप्टरे ठेवणे हे त्या काळी नवलाचे होते.

मग गोदावरी हेलिकॉप्टरवाहू झाली का? नाही. तिच्या मागच्या बाजूला एक छोटा डेक होता, त्याच्यालगत हेलिकॉप्टर ठेवण्याची बंदिस्त जागा होती. बाकीच्या जहाजभर तोफा, क्षेपणास्त्रे, रडार आणि पाणतीर होते. हेलिकॉप्टर हे तिच्या अनेक शस्त्रांपैकी एक होते. शेतकऱ्याच्या घरी सायकल आहे म्हणून आपण त्याच्या घराला सायकलचे दुकान म्हणत नाही, तसेच हे.

आज जगातल्या बहुतेक फ्रिगेटवर आणि विनाशिकांवर एक किंवा दोन हेलिकॉप्टरे असतात. म्हणजे ‘हेलिकॉप्टर असणे’ ही कसोटी निरुपयोगी आहे. डोळे असणे या गुणावरून जसे पक्षी आणि मासे वेगळे करता येत नाहीत, तसेच. आपल्याला असा गुण हवा, जो एका गटात आहे आणि दुसऱ्यात नाही. तो शोधण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र लागेल.

पंख आणि पाते

विमान हवेत तरंगते ते त्याच्या पंखांवरून वेगाने हवा वाहते म्हणून. जमिनीवरचे विमान ही हवा मिळवण्यासाठी धावते. चिकलठाण्याची धावपट्टी अडीच किलोमीटरहून लांब आहे ती याचसाठी. जहाजावर एवढी जागा कोठून आणणार?

विराटची लांबी सुमारे २२६ मीटर होती. ही लांबी मुलांना डोळ्यांसमोर आणता यावी म्हणून एक सोपा प्रयोग सुचवतो. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून निघावे आणि सराफ्याच्या दिशेने मोजून तीनशे पावले चालावे. पाऊल पाऊण मीटरचे धरले तर २२५ मीटर झाले. जहाज तेथे संपले! एवढ्या अंतरात लढाऊ विमान उडवायचे आहे.

आता नववी-दहावीचे सूत्र घेऊ. स्थिर अवस्थेतून निघालेल्या वस्तूने ‘व’ एवढा वेग गाठण्यासाठी लागणारे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. समजा, एका विमानाला उडण्यासाठी सेकंदाला ७० मीटर, म्हणजे ताशी २५२ किलोमीटर वेग लागतो आणि त्याचे इंजिन सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद एवढे त्वरण देते. अंतर येते ४,९०० भागिले १०, म्हणजे ४९० मीटर. विराटची लांबी दोनदा मोजली तरी पुरत नाही.

येथे जहाज स्वतः मदत करते. ते वाऱ्याच्या दिशेने तोंड करून २५ नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे १३ मीटर वेगाने धावू लागले की विमानाला उभ्या जागीच तेवढा वारा मिळतो. आता विमानाला उरलेला ५७ मीटरचा वेगच कमवायचा आहे. अंतर येते सुमारे ३२५ मीटर. अजूनही पुरत नाही, पण फरक मोठा पडला. १९७१ च्या युद्धात विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले होते आणि त्यामुळे जहाजाचा वेग कमी झाला होता. त्यात विमाने उडवणे ही नौसैनिकांसाठी किती मोठी कसरत होती, ते या गणितावरून कळते. २ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाच्या विमानवाहू जहाजावर बाँब लादलेली विमाने तयार होती, पण नेहमी वादळी असणाऱ्या त्या समुद्रावर नेमका वारा पडला आणि हल्ला रद्द करावा लागला.

उरलेली तूट भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे वाफेच्या जोरावर चालणारी गोफण. डेकखालच्या नळीतला दट्ट्या विमानाला ओढत नेतो. ५० मीटरमध्ये ५७ मीटर प्रतिसेकंद वेग द्यायचा तर त्वरण सुमारे ३२ येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या तिपटीहून अधिक. दुसरा मार्ग ‘स्की-जंप’चा. डेकचे पुढचे टोक घसरगुंडीच्या उलट, वर वळवलेले असते. विमान पुरेसा वेग येण्याआधीच डेक सोडते, पण ते सुटते वरच्या दिशेने, फेकलेल्या दगडासारखे. दगड वर जाऊन खाली येईपर्यंत जो वेळ जातो, तेवढा वेळ इंजिनाला उरलेला वेग मिळवायला मिळतो. उतरताना याच्या उलट अडचण येते. तेव्हा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांत विमानाचा आकडा अडकतो आणि ते काही सेकंदांत थांबते.

आता हेलिकॉप्टर पाहू. सी किंगच्या पात्यांचा घेर सुमारे १९ मीटर व्यासाचा असतो. पाती मिनिटाला साधारण दोनशे फेरे घेतात. पात्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे ५९ मीटर जाते. सेकंदाला जवळजवळ २०० मीटर, ताशी ७०० किलोमीटर! म्हणजे हेलिकॉप्टर जागचे हलत नाही, पण त्याचा ‘पंख’ मात्र धावतच असतो. त्याला धावपट्टी नको, गोफण नको, तारा नकोत. पाती फिरवायला मोकळी जागा मिळाली की झाले.

हा फरक आपल्या कामाचा आहे. पंखांच्या विमानासाठी जहाजाला आपली सारी रचना बदलावी लागते. हेलिकॉप्टरसाठी जागा पुरते.

मग मोठे जहाज हवे कशाला?

जागाच पुरत असेल तर प्रत्येक फ्रिगेटवर दोन-दोन हेलिकॉप्टरे ठेवून काम भागले असते. वेगळे हेलिकॉप्टरवाहू जहाज बांधण्याचा खर्च कोणी करावा? याचे उत्तर संख्येत आहे.

९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही फ्रिगेट बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. खुकरीवर हेलिकॉप्टर नव्हते. त्या वर्गाच्या छोट्या फ्रिगेटवर त्याला जागाच नव्हती. पाणबुडी शोधण्याचे मुख्य साधन म्हणजे सोनार, पाण्यातून ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारे यंत्र. समुद्राच्या पाण्याचे तापमान खोलीनुसार बदलते आणि ध्वनी वेगवेगळ्या तापमानाच्या थरांतून जाताना वाकतो, प्रकाश काचेतून जाताना वाकतो तसा. थराखाली दडलेली पाणबुडी त्यामुळे वरच्या जहाजाला ऐकू येत नाही. शिवाय जहाजाच्या स्वतःच्या यंत्रांचा गोंगाट असतो तो वेगळाच.

हेलिकॉप्टर यावर उपाय आहे. ते पाण्यावर स्थिर राहून दोराला बांधलेला सोनार विहिरीत पोहरा सोडावा तसा थराच्या खाली सोडते, ऐकते, पोहरा वर ओढते आणि काही मिनिटांत दुसरीकडे जाऊन पुन्हा सोडते. पाणबुडीपेक्षा ते कितीतरी वेगाने जागा बदलते आणि पाणतीर त्याला लागत नाही.

पण असा पहारा अखंड हवा. आपण सोयीसाठी काही आकडे धरू. एक फेरी तीन तासांची, म्हणजे दिवसाला आठ फेऱ्या. देखभाल आणि वैमानिकांची विश्रांती लक्षात घेता एक हेलिकॉप्टर दिवसाला दोन फेऱ्या करील. म्हणजे एका ठिकाणच्या अखंड पहाऱ्याला चार हेलिकॉप्टरे लागली. एखादे दुरुस्तीत असणारच, म्हणून पाच. ताफ्याच्या दोन बाजूंना पहारा ठेवायचा तर दहा. दोन हेलिकॉप्टरांच्या फ्रिगेटला हे एकटीने झेपणारे नाही. दहा हेलिकॉप्टरे, त्यांचे इंधन, सुटे भाग, कारागीर आणि त्यांना डेकखाली नेणाऱ्या लिफ्ट, हे सगळे एका जागी हवे असेल तर जहाज मोठेच लागते.

दुसरे काम सैनिक किनाऱ्यावर उतरवण्याचे. १२० सैनिक उतरवायचे आहेत आणि एका हेलिकॉप्टरमध्ये २० बसतात, असे समजा. डेकवर एकच जागा असेल आणि प्रत्येक हेलिकॉप्टर भरून उडायला दहा मिनिटे लागत असतील, तर पहिल्या २० जणांनंतर शेवटचे २० जण पन्नास मिनिटांनी निघतील. तोवर पहिली तुकडी शत्रूच्या किनाऱ्यावर एकटी! डेकवर सहा जागा असतील तर सगळे एकदम निघतील. ६ नोव्हेंबर १९५६ रोजी सुएझच्या मोहिमेत ब्रिटनच्या ‘ओशन’ आणि ‘थीसियस’ या दोन जुन्या विमानवाहू जहाजांवरून नौदलाचे कमांडो हेलिकॉप्टरने पोर्ट सैदमध्ये उतरवले गेले. सुमारे दीड तासात चारशेहून अधिक सैनिक उतरले. जहाजावरून हेलिकॉप्टरने केलेला हा पहिला मोठा हल्ला. त्यानंतर ब्रिटनने जुनी विमानवाहू जहाजे या कामासाठी बदलून घेतली, तर अमेरिकेने १९६१ साली ‘इवो जिमा’ हे पायापासून याच कामासाठी बांधलेले जहाज नौदलात आणले.

तीन प्रश्नांची कसोटी

एवढ्या माहितीवरून आता तीन प्रश्न तयार करता येतात. कोणतेही जहाज समोर आले की ते क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : हेलिकॉप्टरे हे जहाजाचे मुख्य काम आहे की जोडकाम? सगळी हेलिकॉप्टरे काढून घेतली तर जहाजाला काही काम उरते का?

दुसरा प्रश्न : अनेक हेलिकॉप्टरे एकाच वेळी उडवता, उतरवता, ठेवता आणि दुरुस्त करता येतात का? बहुधा यासाठी जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट डेक, खाली हँगर आणि दोन्हींना जोडणाऱ्या लिफ्ट असतात.

तिसरा प्रश्न : पंखांच्या विमानांसाठी लागणारी सोय, म्हणजे गोफण, स्की-जंप, अडवणाऱ्या तारा किंवा जेटचा तप्त झोत सोसणारा डेक, जहाजावर आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांना ‘होय’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ असे उत्तर आले की ते हेलिकॉप्टरवाहू जहाज. तिन्हींना ‘होय’ आले तर ते विमानवाहू, किंवा दोन्ही कामे करणारे. पहिल्यालाच ‘नाही’ आले तर पुढे जाण्याचे कारण नाही.

काही उदाहरणे तपासू. गोदावरी पहिल्याच प्रश्नाला अडखळते. आपले ‘जलाश्व’ हे जहाज पूर्वी अमेरिकेचे ‘ट्रेंटन’ होते. २००७ साली ते भारतीय नौदलात आले. ते सहा हेलिकॉप्टरे नेऊ शकते. पण त्याचा उड्डाणाचा डेक मागच्या भागातच आहे आणि जहाजाच्या पोटात पाणी भरून होड्या बाहेर सोडता येतात. त्याचे मुख्य काम सैनिक, वाहने आणि रणगाडे किनाऱ्यावर पोहोचवणे हे आहे. हेलिकॉप्टरे काढली तरी होड्यांनी काम चालते. म्हणून ते हेलिकॉप्टरवाहू नव्हे, सैन्य उतरवणारे जहाज. फ्रान्सच्या ‘मिस्त्राल’ वर्गाच्या जहाजांनाही अशी पोटातली गोदी आहे. पण त्यांचा डेक टोकापासून टोकापर्यंत सपाट आहे, त्यावरून सहा हेलिकॉप्टरे एकदम काम करू शकतात, आणि स्की-जंप नाही. त्यांना हेलिकॉप्टरवाहू म्हणण्यास हरकत नाही. अशीच दोन जहाजे रशियासाठी बांधली गेली होती, तो करार २०१५ साली रद्द झाला आणि ती इजिप्तने घेतली.

सोव्हिएत संघाची ‘मॉस्क्वा’ आणि ‘लेनिनग्राड’ ही जहाजे मात्र वर्गीकरण करणाऱ्याची परीक्षा पाहणारी होती. पुढचा अर्धा भाग क्षेपणास्त्रांनी भरलेला, मागचा अर्धा भाग सपाट डेक, आणि खाली पाणबुड्या शोधणारी डझनभराहून अधिक हेलिकॉप्टरे. जीवशास्त्रात जसा बदकाच्या चोचीचा प्लॅटिपस, तशी ही जहाजे. त्यांना ‘हेलिकॉप्टरवाहू क्रूझर’ असे जोडनाव मिळाले, आणि ते योग्यच होते.

कागदावरची नावे

मग सरकारी नावांचे काय? ती पुष्कळदा रचनेवरून पडत नाहीत. कायद्याच्या सोयीने पडतात.

१९३६ च्या माँत्रो करारात तुर्कस्तानच्या सामुद्रधुनीतून कोणती युद्धनौका जाऊ शकते याचे नियम आहेत. त्यात विमानवाहू जहाजाची व्याख्या ‘प्रामुख्याने’ विमाने नेण्यासाठी बांधलेले जहाज अशी केलेली आहे, आणि अशा जहाजांना वाट ठेवलेली नाही. सोव्हिएत संघाची मोठी गोदी काळ्या समुद्रात होती. तेथे बांधलेले जहाज बाहेर काढायचे तर तुर्कस्तानजवळूनच जावे लागणार. म्हणून ‘कीव’ वर्गाच्या जहाजांवर पुढच्या भागात जड क्षेपणास्त्रे बसवली गेली आणि त्यांचे नाव ठेवले गेले ‘विमानवाहू क्रूझर’. म्हणजे विमाने आहेत, पण ‘प्रामुख्याने’ नाहीत! याच वर्गातले एक जहाज पुढे आपण घेतले, क्षेपणास्त्रे काढून तेथे स्की-जंप बांधली, तारा बसवल्या, आणि ते २०१३ साली ‘विक्रमादित्य’ म्हणून आपल्या नौदलात आले.

इटलीत पंखांची विमाने उडवण्याचा अधिकार कायद्याने हवाई दलाचा होता. त्यामुळे १९८५ साली आलेल्या ‘जुझेप्पे गारिबाल्दी’वर आधी हेलिकॉप्टरेच होती. पुढचे टोक मात्र बांधतानाच वर वळवलेले होते. १९८९ साली कायदा बदलला आणि त्यावर हॅरियर विमाने आली. जपानच्या सरकारने आक्रमक विमानवाहू जहाजे आपण बाळगणार नाही अशी भूमिका घेतली होती. म्हणून २०१५ साली नौदलात आलेले २४८ मीटर लांबीचे, सपाट पाठीचे ‘इझुमो’ कागदोपत्री ‘हेलिकॉप्टर नेणारी विनाशिका’ ठरले. आपल्या कसोटीनुसार ते हेलिकॉप्टरवाहू जहाज होते. पुढे त्याचा डेक उष्णता सोसेल असा केला गेला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यावर एफ-३५बी हे सरळ खाली उतरू शकणारे जेट विमान उतरले. डेक बदलला आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’चे ‘होय’ झाले. कागदावरची विनाशिका मात्र विनाशिकाच राहिली.

एकाच जहाजाचे अनेक जन्म

या सगळ्याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या मुंबईच्या बंदरातच तीस वर्षे होते. ते म्हणजे विराट.

हे जहाज ‘हर्मिस’ या नावाने नोव्हेंबर १९५९ मध्ये ब्रिटिश नौदलात आले. तेव्हा त्यावर वाफेच्या गोफणी होत्या, तारा होत्या, मोठी जेट विमाने होती. तिन्ही प्रश्नांना ‘होय’, म्हणजे विमानवाहू. १९७१ ते १९७३ या काळात त्याच्या गोफणी आणि तारा काढल्या गेल्या आणि ते कमांडो सैनिक व हेलिकॉप्टरे नेणारे जहाज झाले. सांगाडा तोच, डेक तोच, नावही तेच. पण आता ते हेलिकॉप्टरवाहू होते. १९७६-७७ मध्ये पुन्हा बदल होऊन पाणबुड्या शोधणे हे त्याचे मुख्य काम झाले. हेलिकॉप्टरवाहूच, पण वेगळ्या पेशाचे. १९८०-८१ मध्ये त्याच्या पुढच्या टोकाला १२ अंशांची स्की-जंप बांधली गेली, सी हॅरियर विमाने आली आणि ते पुन्हा विमानवाहू झाले.

हा शेवटचा बदल किती मोलाचा होता ते वर्षभरातच दिसले. १९८२ च्या फॉकलंड युद्धात हर्मिस हेच ब्रिटिश ताफ्याचे मुख्य जहाज होते. स्की-जंप बांधली नसती तर तेरा हजार किलोमीटर दूर गेलेल्या त्या ताफ्यावर सी हॅरियरचे छत्र धरायला ‘इन्व्हिन्सिबल’ हे एकच जहाज उरले असते. हेलिकॉप्टर पाणबुडी शोधते, सैनिक उतरवते, बुडणाऱ्याला वर ओढते. पण येणाऱ्या लढाऊ विमानाला ते रोखू शकत नाही. विमानवाहू की हेलिकॉप्टरवाहू, हा नुसता शब्दांचा वाद नाही, तो येथे माणसांच्या जिवाचा प्रश्न होतो.

१२ मे १९८७ रोजी हे जहाज विराट म्हणून भारतीय नौदलात आले. सी हॅरियर आणि सी किंग ही दोन्ही त्यावर नांदली. मे २०१६ मध्ये गोव्याच्या हंसा तळावर सी हॅरियर विमानांना निरोप दिला गेला. ६ मार्च २०१७ रोजी विराट निवृत्त झाले. मधल्या काही महिन्यांत त्याच्यासाठी एकही पंखांचे विमान उरले नव्हते. मग त्या काळात ते हेलिकॉप्टरवाहू झाले होते का? विद्यार्थ्यांना हा प्रश्न अवश्य विचारावा. आमच्या मते उत्तर ‘नाही’ असे आहे. स्की-जंप तशीच होती. रचना विमानवाहूची होती. पिंजऱ्यातला पोपट उडून गेला म्हणून पिंजऱ्याची खुराडी होत नाही. पण १९७३ साली गोफणी आणि तारा काढल्या तेव्हा रचनाच बदलली होती. आज डेकवर काय उभे आहे यावरून नव्हे, तर काय उभे राहून उडू शकते यावरून गट ठरवावा, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

आज आपल्याकडे काय आहे?

भारतीय नौदलात आज विक्रमादित्य आणि सप्टेंबर २०२२ मध्ये कोचीला दाखल झालेली २६२ मीटर लांबीची नवी विक्रांत अशी दोन विमानवाहू जहाजे आहेत. जलाश्व आहे. हेलिकॉप्टरे नेणाऱ्या विनाशिका आणि फ्रिगेट आहेत, त्यांतल्या कित्येक माझगाव गोदीत बांधलेल्या. पण आपल्या तीन प्रश्नांतून पार होणारे, निव्वळ हेलिकॉप्टरवाहू जहाज आपल्याकडे नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तरंगता निवास बुडाला, तेव्हा ‘कोची’ आणि ‘कोलकाता’ या विनाशिकांच्या जोडीला नौदलाची हेलिकॉप्टरेही शोधकार्यात उतरली होती. ते ठिकाण किनाऱ्याच्या तळांपासून हेलिकॉप्टरच्या टप्प्यात होते. असे संकट दूर अंदमानपलीकडे किंवा एखाद्या बेटाजवळ आले, तर अनेक हेलिकॉप्टरांचा तळ तेथवर कोण नेणार, या प्रश्नाचा विचार करताना आपल्याला ही वर्गवारी उपयोगी पडते.

सीमारेषा पुढेही हलत राहणार आहेत. तुर्कस्तानच्या ‘अनादोलू’ या जहाजावर स्की-जंप आहे, आणि २०२४ साली त्यावरून पंख असलेले पण वैमानिक नसलेले विमान उडाले व परत उतरले. आपला तिसरा प्रश्न तेव्हा नव्याने मांडावा लागेल. त्यात वावगे काही नाही. नवे प्राणी सापडले की वर्गीकरण बदलतेच.

एक खंत मात्र नोंदवावीशी वाटते. जुनी विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ साली दारूखान्यात मोडीत निघाली. तिचे पोलाद २०१६ साली बजाजच्या एका मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत वापरले गेले; त्याच कंपनीचा मोठा कारखाना आपल्या वाळूजला आहे. विराटचे संग्रहालय सिंधुदुर्गात निवतीजवळ करण्याच्या प्रस्तावाला २०१८ साली राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली होती. पण २०२० साली ते जहाज अलंगला मोडण्यासाठी गेले. ज्याच्या डेकवर उभे राहून गोफणीची जागा आणि स्की-जंपचा चढ मुलांना दाखवता आला असता, असे जहाज आज महाराष्ट्रात उरलेले नाही.

वर्गासाठी

जहाज नसले तरी प्रयोग करता येतो. मुलांच्या पाच-सहा गटांना एकेका जहाजाचे चित्र द्यावे. नाव झाकलेले असावे. जलाश्व, मिस्त्राल, इझुमो, मॉस्क्वा, विराट आणि एखादी फ्रिगेट चालेल. प्रत्येक गटाने तीन प्रश्नांची उत्तरे चित्रावरूनच द्यावीत : डेक कोठपर्यंत आहे, पुढचे टोक वर वळले आहे का, तोफा-क्षेपणास्त्रांनी किती जागा व्यापली आहे. मग नावे उघडावीत आणि प्रत्येक देशाने आपल्या जहाजाला काय म्हटले आहे ते सांगावे. जेथे उत्तर आणि नाव जुळत नाही, तेथे ‘असे का?’ हा प्रश्न मुलेच विचारतील. आणि मग भौतिकशास्त्राच्या तासाला इतिहास व नागरिकशास्त्र आपल्या पायांनी चालत येतील.